रंगविचार व अभिकल्प, महाराष्ट्रातील

वस्त्र, मुद्रित पृष्ठ, नाट्यपडदा, चित्रपट, दुकानाचा फलक किंवा नित्योपयोगी वस्तू यांची रचना करताना रंगांची निवड, त्यांचे परस्परप्रमाण आणि एकमेकांशेजारी येण्याने त्यांच्यात भासणारे बदल यांचा जो पद्धतशीर विचार केला जातो, त्यास अभिकल्पातील रंगविचार असे म्हणता येईल. महाराष्ट्रात या विचाराचे दोन प्रवाह आढळतात. पहिला रंगारी, विणकर, चितारी यांच्या हातांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला व बव्हंशी अलिखित असा. तर दुसरा १८५७ नंतर कलाशाळांच्या द्वारे आलेला, रंगचक्र व परीक्षा यांवर आधारलेला. हे दोन प्रवाह कोठे एकत्र आले व कोठे परस्परांना ओळखूही शकले नाहीत, हे पाहण्यास कोल्हापूर परिसर विशेष सोयीचा आहे. राजाश्रयाची चित्रकला, नाट्यपडदे, मूकपट, भित्तिपत्रके, इचलकरंजीचे माग आणि पेठ वडगावसारख्या (ता. हातकणंगले) जुन्या बाजारपेठा ही सर्व तेथे तीस-चाळीस किलोमीटरांच्या टापूत सापडतात.

रंगाचे वर्णन करण्यासाठी सामान्यतः तीन गुण मानतात : रंगच्छटा म्हणजे तांबडा, पिवळा, निळा इ. भेद; रंगमूल्य म्हणजे पांढऱ्या-काळ्याच्या दरम्यानचा उजळ-गडदपणा; आणि तीव्रता म्हणजे रंगाचा झगझगीतपणा किंवा मळकटपणा. ही त्रिविध मांडणी अमेरिकन चित्रकार व अध्यापक मन्सेल यांनी १९०५ मध्ये पद्धतशीरपणे केली. मराठी बोलीत मात्र हे भेद पूर्वीपासून होते. ‘गडद’ व ‘फिकट’ हे शब्द रंगमूल्याचे, ‘भडक’ व ‘मंद’ हे तीव्रतेचे आहेत. छटांची नावे तर वस्तूंवरूनच पडलेली दिसतात : डाळिंबी, आमसुली, अंजिरी, मोतिया, अबोली, मोरपिशी, पोपटी, शेंदरी, केशरी, श्रीखंडी, अस्मानी. यांतील प्रत्येक शब्द छटा, मूल्य व तीव्रता ही तिन्ही एकदम सांगतो. आमसुली म्हटले की गडद, किंचित मंद असा जांभळट तांबडाच डोळ्यांपुढे येतो. फिकट आमसुली असा शब्दप्रयोग कानाला खटकतो. कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक व दुकानदार यांच्यात जो बिनचूक व्यवहार होतो, तो या शब्दसंपत्तीच्या बळावर. रंगचक्राच्या शिक्षणात हिचा उपयोग क्वचितच करून घेतला गेला, ही खेदाची गोष्ट होय.

प्राचीन भारतीय ग्रंथांत रंगमिश्रणाचा विचार आढळतो. भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाच्या संदर्भात श्वेत, पीत, नील व रक्त असे चार मूळ वर्ण सांगून त्यांच्या मिश्रणाने होणारे पांडू, पद्म, हरित, कषाय, कापोत, गौर इ. वर्ण दिले आहेत. रंगभूषा करणाऱ्या नटाला उपयोगी पडावे, हा त्यामागील हेतू उघड दिसतो. रसांनाही वर्ण जोडलेले आहेत : शृंगाराचा श्याम, हास्याचा श्वेत, करुणाचा कापोत, रौद्राचा रक्त, वीराचा गौर, भयानकाचा कृष्ण, बीभत्साचा नील आणि अद्‌भुताचा पीत. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात मूळ रंगांची संख्या पाच असून त्यांच्यापासून होणारे मिश्ररंग असंख्य असल्याचे म्हटले आहे. पांढऱ्याची गणना मूळ रंगांत करणे आधुनिक वाचकास चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे; परंतु भुकटीचे रंग खलून वापरणाऱ्या चिताऱ्याला पांढऱ्यावाचून एकही फिकट छटा मिळत नाही, हे लक्षात घेता ती गणना व्यवहाराला धरूनच आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी व पांढरी द्रव्ये ही मुख्य होत. लाजवर्दाचा निळा बाहेरून आणलेला असून तो पाचव्या शतकातील लेण्यांत दिसतो, आधीच्या लेण्यांत नाही. मातीच्या तांबूस-पिवळ्या छटांच्या मेळ्यात हा महागडा निळा अगदी थोड्या जागी योजलेला असल्यामुळेच तो ठळकपणे नजरेत भरतो.

रंगाऱ्यांचे ज्ञान हे मुख्यतः रसायनाचे होते. नीळ कुंडात विरघळलेली असताना कापड हिरवट-पिवळे दिसते व हवेत काढल्यावर निळे होते. या कामातील दक्षिण महाराष्ट्रातील कारागिरांची जात ‘निराळी’ या नावाने ओळखली जात असे. तांबड्यासाठी आल अथवा सुरंगी व मंजिष्ठ यांची मुळे, आणि रंग पक्का बसण्यासाठी तुरटी वापरीत. हिरड्याच्या पाण्यात भिजवलेल्या कापडाला हिराकसाचा संस्कार दिला म्हणजे काळा रंग येई. एकाच मुळाच्या रंगापासून तुरटीने तांबडा, लोहक्षाराने जांभळट काळसर अशा वेगवेगळ्या छटा मिळत. म्हणजेच रंग हा द्रव्यात नसून द्रव्य, क्षार आणि धागा यांच्या संयोगात असतो, हे रंगाऱ्याला रोजच्या अनुभवाने ठाऊक होते. हळदीवर क्षाराचा संस्कार होताच ती तांबडी होते, याच गुणावर कुंकवाचा पारंपरिक धंदा उभा आहे. करडईच्या फुलांचा कुसुंबी गुलाबी रंग अत्यंत मोहक, पण उन्हात उडणारा. म्हणून ते वस्त्र पुनःपुन्हा रंगवून घेत. पक्क्या व कच्च्या रंगांचा हा भेद किंमतीत तर उतरेच, पण कोणता रंग कोणत्या प्रसंगी वापरावा हेही त्यावरून ठरे.

विणकरांच्या कामात दृष्टिविज्ञानाचा भाग अधिक येतो. ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा घातल्यास धागे दुरून वेगळे न दिसता त्यांचे डोळ्यातच मिश्रण होते, आणि कापड हलताच कधी एक, कधी दुसरा रंग वर येतो. यालाच धूपछाव म्हणतात. पैठणीत या युक्तीचा उत्तम उपयोग केलेला आढळतो. दक्षिण महाराष्ट्रात सर्रास नेसल्या जाणाऱ्या इरकल लुगड्याचा अभ्यास या दृष्टीने उद्‌बोधक ठरेल. त्याची जमीन बहुधा गडद निळी किंवा काळसर, काठ-पदर तांबडा आणि पदराच्या तांबड्या भागावर पांढऱ्या रेघा व कंगोरे असतात. गडद निळा व तांबडा यांचे रंगमूल्य जवळजवळ सारखे असल्यामुळे ते थेट भिडले तर सीमारेषा डोळ्यांना अस्थिर भासते. मध्ये पांढरी रेघ आली की दोन्ही रंग स्वच्छ व अधिक तेजस्वी दिसतात. हे तत्त्व यूरोपात ज्या काळी ग्रंथबद्ध झाले, त्यापूर्वीच ते मागावर रूढ होते.

पाश्चात्त्य रंगसिद्धांताचा आधुनिक इतिहास न्यूटनपासून सुरू होतो. त्याने लोलकाच्या साहाय्याने १६६६ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांचा वृत्तांत १६७२ मध्ये प्रसिद्ध झाला व १७०४ च्या प्रकाशविषयक ग्रंथात त्याने वर्णपटाचे सात रंग वर्तुळात मांडले. रंगचक्राचा उगम तो हाच. जर्मन कवी गटे याने १८१० मध्ये न्यूटनला विरोध करून रंगाच्या मानसिक परिणामांवर भर दिला. त्याचे भौतिकीविषयक प्रतिपादन टिकले नाही. तथापि डोळ्यात मागे राहणारी प्रतिमा, रंगीत सावल्या यांविषयीची त्याची निरीक्षणे अभिकल्पकांना अद्याप उपयुक्त वाटतात. अभिकल्पाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम फ्रेंच रसायनज्ञ शव्हरल यांचे होय. पॅरिसच्या गोबलँ या राजकीय चित्रजवनिका-कारखान्यात ते १८२४ पासून रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळा रंग फिका पडतो, अशी विणकरांची तक्रार होती. त्यांनी काळे सूत तपासले, तेव्हा ते उत्तम निघाले. दोष रंगाईत नव्हता. निळ्या-जांभळ्या सुताच्या शेजारी आल्यामुळे काळा निस्तेज भासत होता. या शोधातून १८३९ चा त्यांचा ‘समकालिक विरोधा’वरील ग्रंथ सिद्ध झाला : शेजारी आलेले दोन रंग एकमेकांतील भेद वाढवितात, पूरक रंग एकमेकांना उजळवितात. यंग, हेल्महोल्ट्‌स व मॅक्सवेल यांनी मानवी डोळ्यातील रंगसंवेदना तीन प्रकारच्या असल्याचे प्रतिपादन केले आणि मॅक्सवेल यांनी १८६१ मध्ये तीन गाळण्यांतून घेतलेल्या छायाचित्रांद्वारे रंगीत प्रतिमा पडद्यावर दाखविली.

शव्हरलचे विचार भारतात ज्या वाटेने आले ती वाट वळणाची आहे. लंडन येथील १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या इमारतीचे लोखंडी काम निळ्या, पिवळ्या व तांबड्या रंगांत रंगविण्याची योजना वास्तुविशारद ओवेन जोन्स यांची होती. या प्रदर्शनात आलेल्या भारतीय वस्त्रांतील रंगयोजनेने ते प्रभावित झाले. त्यांच्या १८५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अलंकरणविषयक ग्रंथातील नियमांत, विरोधी रंगाच्या जमिनीवरील आकृतीला फिकट रंगाची कडा द्यावी, असा एक नियम आहे. त्याचा आधार पौर्वात्य कलावस्तू हाच होता. मुंबईची सर ज. जी. कलाशाळा मार्च १८५७ मध्ये सर जमशेटजी जिजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून सुरू झाली व तिचा अभ्यासक्रम लंडनच्या साउथ केन्झिंग्टन पद्धतीवर बेतलेला होता. इरकलीच्या पदरावर शतकानुशतके दिसणारे तत्त्व अशा रीतीने लंडनला जाऊन इंग्रजी नियमाच्या रूपाने मुंबईच्या विद्यार्थ्यापुढे आले. हा विद्यार्थी त्या नियमाचे घर ओळखू शकला असेल काय, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. नियम छापील पाठात होता. पदर शाळेच्या बाहेर होता. शाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी मात्र १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या. अस्सल भारतीय रंगयोजना डोळ्यांसमोर ठेवून तिचा अभ्यास करण्याची ही पहिली मोठी संधी ठरली. योगायोग असा की, जोन्सचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी पर्किन यांनी डांबरापासून पहिला कृत्रिम जांभळा रंग तयार केला. १८६८ मध्ये मंजिष्ठेतील तांबडे द्रव्य प्रयोगशाळेत बनले आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. भारतीय रंगयोजनेची स्तुती होत असतानाच ती निर्माण करणाऱ्या रंगाऱ्याचे कुंड अशा प्रकारे विझू लागले.

कलाशाळेतील शिक्षण शालेय पातळीवर पसरले ते रेखाकला परीक्षांच्या द्वारे. एलिमेंटरी व इंटरमिजिएट या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या परीक्षांना महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील विद्यार्थी दरवर्षी बसतात. त्यांतील संकल्पचित्राच्या प्रश्नपत्रिकेमुळे रंगचक्र, उष्ण व शीत रंग, एकरंगी व विरोधी रंगसंगती हे शब्द मराठी शाळांत रूढ झाले. ज्या गावात चित्रसंग्रहालय सोडाच, पण चांगले छापील चित्रही दुर्मिळ, तेथे रंगांचा विचार करण्याची सवय या परीक्षेने लावली, हे तिचे श्रेय मोठे आहे. परंतु तिने एक गैरसमजही रुजविला. लाल, पिवळा व निळा या तीन मूळ रंगांपासून सर्व रंग तयार होतात, हे विधान नियम म्हणून पाठ केले जाते. प्रत्यक्षात कुंकवासारखा लाल व गडद निळा मिसळल्यास जांभळा न होता मळकट तपकिरी होतो, हे पोस्टर रंगांच्या बाटल्या हाताळणाऱ्या प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. मुलगा आपल्या हाताला दोष देतो. दोष नियमाच्या अर्धवटपणाचा आहे. रंगद्रव्य हे प्रकाशातील काही भाग शोषून घेते, त्यामुळे द्रव्ये मिसळणे म्हणजे प्रकाशाची वजाबाकी होय. तिच्यासाठी योग्य मूळ रंग म्हणजे किरमिजी गुलाबी, हिरवट आकाशी व पिवळा. उलट प्रकाशझोत एकमेकांवर टाकणे ही बेरीज असून तिचे मूळ रंग तांबडा, हिरवा व निळा असतात. छापखान्यात पहिल्या तीन शायांनाच लाल, निळी व पिवळी म्हणण्याचा प्रघात असल्याने गोंधळात भर पडते.

महाराष्ट्रातील रंगीत मुद्रणाच्या इतिहासात हा भेद प्रत्यक्ष दिसतो. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात निघालेल्या चित्रशाळा छापखान्यातून आणि राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या व पुढे मळवलीस हलविलेल्या छापखान्यातून देवदेवतांची शिळाछापाची चित्रे घरोघर पोचली. या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी वेगळा शिळा वापरून एकावर एक ठसे उमटवीत. कोणता रंग आधी, कोणता नंतर, त्वचेच्या छटेखाली कोणता फिकट थर घ्यावा, हे कारागीर डोळ्यांनी ठरवी. सिद्धांताची तीन रंगांची मर्यादा त्याच्यावर नव्हती. त्यानंतर आलेल्या तीनरंगी छपाईत छायाचित्रणाने रंग विभागले जात. दादासाहेब फाळके हे जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी, रविवर्मा छापखान्यात काम केल्यानंतर १९०९ मध्ये ते तीनरंगी प्रक्रियेच्या अभ्यासासाठी जर्मनीस गेले. चित्रपटाकडे वळण्यापूर्वीचा त्यांचा हा मुद्रणव्यवसाय सहसा उपेक्षिला जातो. मूळचे कोल्हापूरचे म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांनी कलाशाळेतील दीर्घ अध्यापनाबरोबरच पुस्तकांची सजावट, पोस्टकार्डे व भित्तिपत्रके यांचेही विपुल काम केले. पुढील पिढीत दीनानाथ दलाल (१९१६–७१) व रघुवीर मुळगावकर (१९१८–७६) या दोघांनी मराठी मुखपृष्ठाला रंग दिला. १९४५ पासून निघालेल्या दीपावलीच्या अंकांतील दलालांचे काम सपाट रंगक्षेत्रे व धीट विरोध यांवर उभे असून मुळगावकरांचा भर फवाऱ्याने साधलेल्या मृदू, विरत जाणाऱ्या छटांवर होता. मुद्रणयोग्यतेच्या दृष्टीने दलालांची पद्धत अधिक सुरक्षित होती; लोकप्रियतेत मात्र मुळगावकर तसूभरही मागे नव्हते.

कोल्हापुरातील रंगाभ्यासाची परंपरा वेगळ्या दिशेने वाढली. छत्रपती शाहू महाराजांच्या आश्रयाखालील आबालाल रहिमान हे जे. जे. चे विद्यार्थी, कोटितीर्थ परिसरातील त्यांची निसर्गचित्रे प्रकाशाच्या वेळेनुसार बदलणाऱ्या रंगांची साक्ष देतात. आनंदराव पेंटर (मृत्यू १९१६) व बाबुराव पेंटर (१८९०–१९५४) या बंधूंनी मात्र कलाशाळेचे रीतसर शिक्षण न घेता नाट्यपडद्यांच्या कामातून आपली दृष्टी घडविली. नाट्यपडदा दिवसा रंगवावयाचा आणि रात्री कृत्रिम प्रकाशात दाखवावयाचा, ही त्यातील खरी अडचण. पिवळसर प्रकाशात निळा काळवंडतो, फिकट पिवळा पांढऱ्यात हरवतो व तांबडा उसळून वर येतो. म्हणून दिवसा किंचित विसंगत वाटणारी रंगयोजनाच रात्री सुसंगत ठरते. हा धडा कोणत्याही रंगचक्रात नाही.

बाबुराव पेंटर यांनी १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना केली व १९२० मध्ये सैरंध्री हा मूकपट पडद्यावर आणला. चित्रकाराने चित्रपट काढणे याचा अर्थ त्या काळी रंगांचे काळ्या-पांढऱ्यात भाषांतर करणे असा होता. तत्कालीन फिल्मला तांबडा प्रकाश जवळजवळ जाणवत नसे, तर निळ्याचा तिच्यावर फार परिणाम होई. परिणामी तांबडे वस्त्र पडद्यावर काळे, निळे आकाश पांढरे आणि गव्हाळ चेहरा अधिक सावळा उमटे. म्हणून नेपथ्य, वेष व रंगभूषा यांचे रंग ‘कसे दिसतात’ यावर न निवडता ‘कोणता करडा देतात’ यावर निवडणे भाग पडे. रंगमूल्याचा याहून कठोर अभ्यास क्वचितच संभवतो. याच कंपनीच्या जाहिरातीसाठी बाबुराव स्वतः भित्तिपत्रके रंगवीत. कल्याण खजिना (१९२४) या चित्रपटाचे त्यांचे भित्तिपत्रक हे उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांपैकी सर्वांत जुने मानले जाते. चित्रपट काळापांढरा, त्याचे भित्तिपत्रक मात्र रंगीत, अशी ही विभागणी पुढे कित्येक वर्षे टिकली. प्रेक्षकाने चित्रपटात न पाहिलेले रंग त्याच्या कल्पनेत भरण्याचे काम भित्तिपत्रक करी. कोल्हापूरच्याच जी. कांबळे यांच्यासारख्या चित्रकारांनी ही परंपरा मुंबईच्या चित्रपटव्यवसायात नेली.

रंगसिद्धांताकडे दुर्लक्ष झाल्यास काय किंमत मोजावी लागते, हे १९३३ च्या सैरंध्रीने दाखवून दिले. महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेल्या व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल आदींनी १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली होती. बाबुरावांच्याच पहिल्या चित्रपटाचा विषय घेऊन, तो रंगीत करण्याचे धाडस या कंपनीने केले. प्रक्रिया व प्रती जर्मनीत करविण्यात आल्या. पद्धत दुरंगी होती. दोन फिल्मा तोंडाला तोंड लावून एकीवर तांबूस-नारिंगी व दुसरीवर निळसर-हिरवा असे प्रकाशाचे दोनच विभाग टिपले जात आणि प्रतीच्या दोन बाजूंस त्यानुसार दोन रंग दिले जात. दोन रंगांच्या मिश्रणाने त्वचा, लाकूड, दगड व पर्णराजी बऱ्यापैकी साधतात. परंतु शुद्ध पिवळा, जांभळा आणि खरा निळा यांना त्या दोघांच्या दरम्यान जागाच नाही. भारतीय पौराणिक चित्रपटाच्या वेषभूषेचे मर्म तर नेमके याच रंगांत असते : पीतांबर, जांभळे शालू, सोन्याचे अलंकार. पश्चिमेकडील फिकट वेष व तपकिरी अंतर्भाग यांना साजेशी पद्धत या विषयाला साजणारी नव्हती. रंग भडक व अस्वाभाविक उतरले, चित्रपटास यश लाभले नाही आणि प्रभातने पुढे रंगीत चित्रपट काढला नाही. या अपयशाची कारणमीमांसा करताना केवळ जर्मन प्रयोगशाळेवर किंवा कंपनीच्या उतावीळपणावर बोट ठेवण्याची प्रथा आहे. ती पुरेशी नाही. तिसरा रंग नसलेल्या साधनातून तिसऱ्या रंगाची अपेक्षा केली गेली, हे मूळ कारण होय. कंपनी त्याच वर्षी पुण्यास गेली. भारतात प्रक्रिया केलेला पहिला रंगीत बोलपट म्हणून ओळखला जाणारा किसान कन्या १९३७ मध्ये आला, आणि स्वतः शांताराम यांनी रंगाचा मनसोक्त वापर केला तो झनक झनक पायल बाजे (१९५५) व नवरंग (१९५९) या चित्रपटांत. मध्यंतरीच्या बावीस वर्षांत तीनरंगी पद्धत प्रस्थापित झाली होती.

अभिकल्पाचे स्वतंत्र शिक्षण महाराष्ट्रात १९३५ च्या सुमारास जे. जे. कलाशाळेत व्यावसायिक कलेचा विभाग निघाल्यापासून सुरू झाले. व्ही. एन. आडारकर यांच्या मार्गदर्शनाखाली तो वाढून १९५८ मध्ये त्याची उपयोजित कलेची स्वतंत्र संस्था झाली. राज्याचे कला संचालनालय १९६५ मध्ये स्थापन झाले व १९६९ मध्ये पवई येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेत औद्योगिक अभिकल्प केंद्र निघाले. मन्सेलची रंगपद्धती, जर्मनीतील बौहाउस या संस्थेचे (१९१९–३३) अध्यापक इटेन व आल्बर्स यांचे रंगविषयक पाठ या संस्थांतून परिचित झाले. आल्बर्स यांचे म्हणणे असे की, रंग ही कलांतील सर्वांत सापेक्ष गोष्ट असून तिचा अभ्यास नियमांनी नव्हे, तर कागदाचे रंगीत तुकडे शेजारी ठेवून पाहण्यानेच होतो. दुकानाच्या गादीवर लुगड्यांच्या घड्या एकीवर एक टाकून दाखविणारा वाणी याहून निराळे काही करीत नाही.

पेठ वडगावसारख्या बाजारपेठेत रंगविचाराची कसोटी विक्रीत लागते. या भागातील गुळाचा भाव ठरविताना त्याचा रंग हा प्रमुख निकष असतो; पिवळसर सोनेरी ढेप उंच भावाने जाते, काळपट ढेप मागे राहते. रस उकळताना त्यात चुना व रानभेंडीचा चीक घालून मळी काढण्याची पद्धत जुनी आहे. पुढे रंग उजळण्यासाठी ‘हायड्रॉस’ या रसायनाचा वापर वाढला. पण त्याने आलेला उजळपणा साठवणीत टिकत नाही व गूळ पुन्हा काळवंडतो. काळसर गूळ चवीला वा गुणाला कमी असतोच असे नाही. ग्राहकाची रंगाविषयीची अपेक्षा मालाच्या गुणावर कशी मात करते, याचे हे ठळक उदाहरण असून रसायनविरहित गूळ विकणाऱ्यांना आज नेमका याच समजुतीशी झगडा द्यावा लागतो. जवळच्या इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणल्यानंतर त्या गावाचा कापडधंदा वाढला. नऊवारी लुगड्यांच्या काळात सुताच्या रंगाची पारख तेथील विणकरास आवश्यक होती. कोऱ्या कापडाचे उत्पादन वाढले, तसा रंगाचा निर्णय मागावरून प्रक्रियागृहांत गेला.

बाजारातील फलकांची रंगयोजना पाहता हातांनी अक्षरे काढणाऱ्या रंगाऱ्यांचे व्यावहारिक शहाणपण लक्षात येते. फलक वाचता येणे हे छटांच्या विरोधापेक्षा रंगमूल्यांच्या विरोधावर अवलंबून असते. पिवळा रंग उजळ असतानाच सर्वाधिक तीव्र असतो, तर निळा गडद असताना. त्यामुळे काळ्यावर पिवळे किंवा निळ्यावर पांढरे अक्षर दुरून स्पष्ट दिसते. हिरव्यावर तांबडे अक्षर रंगचक्रानुसार पूर्ण विरोधी असूनही दोहोंचे मूल्य सारखे असल्याने डोळ्यांपुढे थरथरते, आणि तांबड्या-हिरव्यातील भेद न कळणाऱ्या व्यक्तीस ते दिसतच नाही. अशी जोडी गिऱ्हाइकाने हट्टाने मागितली, तर अनुभवी रंगारी दोहोंमध्ये पांढरी कडा ओढी. शव्हरल किंवा जोन्स यांची नावे त्याने ऐकलेली नसत. देवनागरीची शिरोरेषा व बारीक मात्रा यांमुळे ही कडा किती जाड असावी, याचा अंदाज रोमन अक्षरांच्या पुस्तकांतून मिळणारा नव्हता. तो कुंचल्यानेच ठरविला.

एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी संगणकावर तयार होणारे ‘फ्लेक्स’चे फलक आले व हे काम बहुतेक गावांतून अल्पावधीत नाहीसे झाले. अनेक रंगाऱ्यांनी धंदा बदलला. काही संगणकापुढे बसले. पडद्यावरील रंग प्रकाशाच्या बेरजेचे आणि छापील रंग शाईच्या वजाबाकीचे असल्यामुळे पडद्यावरचा झगझगीत निळा छापून येताना जांभळट व मंद होतो आणि तेजस्वी हिरवा मावळतो. १९३३ च्या सैरंध्रीतील अडचणीचेच हे सौम्य रूप होय. यावर उपाय म्हणून फलक बनविणारे प्रत्येक रंग तीव्रतेच्या टोकाला नेतात. सर्वच रंग ओरडू लागले म्हणजे एकही ठळक राहत नाही. म्हणून वाढदिवसाच्या फलकावरील चेहऱ्यांच्या गर्दीत मजकूर शोधावा लागतो. शिवाय उन्हाने पिवळी व किरमिजी शाई आधी उडते आणि निळसर व काळी मागे राहते. वडगावच्या रस्त्यावर उन्हाळाभर टांगलेला फलक पावसाळ्याच्या तोंडाशी निळाकाळा झालेला दिसतो तो यामुळेच. कुसुंब्याने रंगविलेले लुगडे उडाले की ते पुन्हा कुंडात घालता येई. फ्लेक्सचा फलक मात्र उतरवून गोठ्यावर किंवा सरपणाच्या ढिगावर, छापील बाजू खाली करून, अंथरला जातो.